उपग्रहाच्या डेटावरून प्रकाश प्रदूषण वाढलं की घटलं हे खात्रीनं कळतं का?

वाढ दिसली तर खुशाल धरून चाला. घट दिसली तर आधी दिवे कधी बदलले ते विचारा. याच मुद्द्यावर मला एका बैठकीत गप्प बसवलं होतं, म्हणून लिहितोय.

आमच्याकडे सोडियमचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले. वर्षभरानं एका साहेबांनी पडद्यावर व्हीआयआयआरएसचा, म्हणजे उपग्रहावरून रात्रीचे दिवे टिपणाऱ्या सेन्सरचा, आलेख दाखवला. रेघ खाली आलेली. "उपग्रह खोटं बोलत नाही," म्हणाले. माझ्याकडे फक्त एक वही होती. दर हिवाळ्यात अमावास्येच्या आसपास मी गच्चीवरून मृगाच्या चौकोनातले तारे मोजतो. दिवे बदलण्याआधीच्या पानावर अकरा, नंतरच्या पानावर सहा. कृत्तिका पूर्वी सुट्या मोजता यायच्या, आता नजर जरा बाजूला धरली तरच धुरकट ठिपका दिसतो. साहेबांनी वही उघडूनही पाहिली नाही.

खरं तर दोन्ही नोंदी बरोबर होत्या. व्हीआयआयआरएसला साधारण ५०० ते ९०० नॅनोमीटरमधलाच प्रकाश दिसतो. सोडियमचा पिवळा त्यात पुरता सापडतो. पांढऱ्या एलईडीचा निळा भाग ४५० च्या आसपास असतो, तो निसटतो. आणि हवेत जास्त विखुरतो तो निळाच! २०२३ साली 'सायन्स' या नियतकालिकात लोकांनी नुसत्या डोळ्यांनी केलेल्या ५१ हजारांवर नोंदींचा अभ्यास आला: २०११ ते २०२२ या काळात आकाश वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत गेलं. उपग्रहावरून २०१२ ते २०१६ साठी काढलेली वाढ वर्षाला जेमतेम २ टक्के होती. माझ्या वहीसारख्याच नोंदी होत्या त्या.

तुम्ही व्हीआयआयआरएसवरूनच बनवलेला नासाचा 'ब्लॅक मार्बल' डेटा घ्या, त्यात चांदण्याचा हिशेब वजा केलेला असतो. तुलना आधीच्या वर्षांच्या त्याच महिन्याशी करा. १९९२ ते २०१३ चा जुन्या अमेरिकी उपग्रहांचा डीएमएसपी डेटा याला सरळ जोडू नका. त्यात उजेडाची मोजपट्टी ६३ वरच संपते, म्हणून शहरांचे मध्यभाग तिथंच अडकलेले असतात.

हो, उपग्रह मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास जातो, म्हणजे संध्याकाळचे जाहिरातींचे दिवे हिशेबातच नाहीत. आणि नवे दिवे वरून नीट झाकलेले असतील तर थोडी घट खरीही असू शकते, हे मान्य. पण आलेखावर दिवे बदलल्याच्या तारखेला एक उभी रेघ मारा. साहेबांच्या आलेखावर तेवढीच नव्हती.