वाक्यं जोडताना आधी कर्ता विचार

प्रिय विद्यार्थिनी,

तू बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहेस आणि तुला भाषांतराच्या क्षेत्रात जायचंय. पण इंग्रजीच्या चाचणीत ‘दोन वाक्यं जोडून एक करा’ या प्रश्नाचे गुण दर वेळी जातात. नियम पाठ असूनही चुका होतात, म्हणून हा नाद सोडावा का, असं तू विचारलं आहेस.

सोडू नकोस. तू पाठवलेली वाक्यं मी दोनदा वाचली. अभ्यास कमी पडलेला नाही. तू मनात मराठीत वाक्य जोडतेस आणि मग त्यात इंग्रजी शब्द बसवतेस, तिथे घोळ होतो.

‘ऑल्दो ही वॉज टायर्ड, बट ही वर्क्ड’ हे वाक्य बघ. आपल्याकडे ‘जरी’ आलं की पाठोपाठ ‘तरी’ येतंच. इंग्रजीला दोघांपैकी एकच पुरतो. ‘ऑल्दो’ ठेवलंस तर ‘बट’ काढ. ‘बिकॉज’ आणि ‘सो’चंही तसंच.

दुसरी चूक जास्त खोल आहे. तू लिहिलंस, ‘वॉकिंग होम, द रेन स्टार्टेड.’ मराठीत ‘घरी चालत जाताना पाऊस सुरू झाला’ हे अगदी बरोबर, कारण ‘-ताना’ला दोन वेगळे कर्ते चालतात. इंग्रजीत मात्र स्वल्पविरामानंतरचा कर्ता तोच ‘वॉकिंग’चाही कर्ता. म्हणजे तुझ्या वाक्यात पाऊसच चालत घरी निघाला! तिथे ‘व्हाइल आय वॉज वॉकिंग होम’ हवं. थोडं लांबलं तरी चालेल. आटोपशीर करण्याच्या नादात अर्थ बिघडता कामा नये.

याउलट ‘-ऊन’ तुझ्या मदतीला येईल. ‘दार लावून ती निघाली’ यात लावणारी तीच, निघणारीही तीच. इथे ‘हॅविंग क्लोज्ड द डोअर, शी लेफ्ट’ असं बिनधास्त लिही. अर्थात ‘पाऊस पडून रस्ते ओले झाले’ असंही आपण म्हणतो आणि तिथे कर्ते दोन असतात. त्यामुळे नुसत्या ‘-ऊन’वर विसंबू नकोस.

‘हू’ आणि ‘विच’ हे ज्या नामाबद्दल आहेत, त्याला शक्यतो चिकटून ठेव. बाकी ठीक आहे.

मराठी मजकूर इंग्रजीत नेताना भाषांतरकाराला हे रोज करावं लागतं. तुला दोन्ही भाषांचे सांधे आत्ताच दिसू लागले, तर या कामात तुझा हात लवकर बसेल. म्हणून नियमांची वही पंधरा दिवस बाजूला ठेव. रोज पाच जोड्या घे, प्रत्येक जोडी दोन रीतींनी जोड आणि प्रत्येक क्रियापदाखाली त्याचा कर्ता लिही. मग ती वाक्यं मला पाठव, कर्त्यांसकट.