फ्लिप्ड क्लासरूममध्ये (धडा आधी घरी व्हिडिओवर, वर्गात सराव) टीम-बेस्ड लर्निंग (कायमचे गट, चाचणी आधी एकट्याने, मग गटाने) वापरलं तर मुलं खरंच तयारी करून येतात का?

येतात, पण तुमच्या व्हिडिओच्या प्रेमाने नाही, मार्कांसाठी. चाचणीचे मार्क इंटर्नलमध्ये धरणार नसाल तर भानगडीतच पडू नका.

मी बेळगावात डिप्लोमाला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स (कुठला पदार्थ किती ताण सोसतो ते) शिकवतो. वर्गात खानापूर-निपाणीची मराठी मीडियमची पोरं, गोकाक-बैलहोंगलची कन्नड मीडियमची. गट पाडायच्या वेळी आमचे एक सिनियर सर म्हणाले, "भाषेप्रमाणे बसवा, एकमेकांना समजावतील तरी." मी मुद्दाम मिसळून पाच-सहाचे गट केले आणि सेमिस्टरभर मोडले नाहीत.

पहिल्या चाचणीत प्रश्न होता: दोन्ही टोकांना घट्ट अडकवलेली स्टीलची सळई ५० अंशांनी तापवली, वाढायला जागा नाही म्हणून स्ट्रेस (आतला ताण) आला १२० मेगापास्कल. लांबी दुप्पट केली तर किती? आधी ज्याने त्याने एकट्याने सोडवलं, मग तोच पेपर गटाने. गटाच्या कागदावर पर्यायांपुढे स्टिकर. उचकटल्यावर चांदणी दिसली तर बरोबर. दुसऱ्या खेपेला निम्मेच मार्क.

बैलहोंगलची एक मुलगी हळूच म्हणाली, "१२०च." खानापूरचे दोघे "लांबी डबल, स्ट्रेस डबल" करत २४० चा स्टिकर ओढून मोकळे. खाली कोरं! मग ती कन्नडमध्ये, हातातली पट्टी पुढे धरून सांगायला लागली: वाढ दुप्पट अडते, पण ती दुप्पट लांबीवर वाटली जाते, म्हणजे स्ट्रेन (लांबीच्या मानाने अडलेली वाढ) तेवढाच, म्हणून स्ट्रेसही तेवढाच. निपाणीचा एकजण ते मराठीत सांगत होता. पुढच्या प्रश्नाला त्या दोघांनी तिला विचारल्याशिवाय स्टिकरला हात लावला नाही.

"आमच्याकडे मुलं फार" ही सबब सांगू नका. प्राध्यापक लॅरी मायकेलसन यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस ओक्लाहोमात ही पद्धत काढली तीच मुळी वर्ग ४० वरून १२० वर गेला म्हणून.

हां, सगळा सिलॅबस असा उरकत नाही. मी निवडक युनिटच घेतो. खानापूरकडच्या काही गावांत रेंज नसते, तिथल्यांना व्हिडिओऐवजी चार पानांची झेरॉक्स द्या. फुकटे प्रत्येक गटात निघतात, त्यासाठी मुलांनाच एकमेकांना मार्क द्यायला लावा.

आणि भाषेप्रमाणे गट? उद्या उद्यमबागेतल्या (आमच्या बेळगावच्या औद्योगिक भागातल्या) फाउंड्रीत एकाच शिफ्टला उभी राहणारी पोरं वर्गात वेगळी बसवून काय मिळवायचं, ते सरांनी मला अजून सांगितलेलं नाही.