रिसायकलरव्ह्यू वापरूनही लिस्ट अडकतेय? नेस्टेडस्क्रोलव्ह्यू काढ

तीन हजार आयटमची किराणा लिस्ट, उघडायला चार-पाच सेकंद, स्क्रोल अडकत अडकत, आणि तू म्हणतोस रिसायकलरव्ह्यू (अँड्रॉइडमधला, दिसतील तेवढ्याच ओळी बनवून त्याच परत वापरणारा लिस्टचा घटक) लावूनही काही फरक नाही. लेआउटचा कोड टाकलास ते बरं केलंस, घोळ तिथेच आहे. वरचा ऑफरचा बॅनर लिस्टबरोबर सरकावा म्हणून तू दोन्ही नेस्टेडस्क्रोलव्ह्यूत (आतलं सगळं एकत्र सरकवणारा डबा) कोंबलेस आणि लिस्टची हाइट रॅप कंटेंट (आत जेवढं असेल तेवढी) ठेवलीस. मग रिसायकलरव्ह्यूला वाटतं हवी तेवढी उंची मिळालीय, आणि तो तीनही हजार ओळी एकदम बनवत बसतो.

गावाकडच्या लग्नात हजार माणसं जेवतात पण ताटं असतात शंभर, पंगत उठली की तीच धुऊन पुढच्या पंगतीला. रिसायकलरव्ह्यूत तेच चालतं. स्क्रीनवर दहा ओळी दिसत असतील तर त्या दहा आणि जास्तीच्या थोड्या, बाहेर गेलेल्या २ ओळी जशाच्या तशा कॅशमध्ये, बाकीच्या पूलमध्ये (नव्याने भरून वापरायच्या साठ्यात), तिथे प्रत्येक व्ह्यूटाइपच्या, म्हणजे ओळीच्या प्रकाराच्या, ५. तू अख्ख्या गावाला एकाच पंगतीत बसवलंस. खात्री करायचीय तर ऑनक्रिएटव्ह्यूहोल्डरमध्ये (नवी ओळ बनवणारं फंक्शन) एक लॉग टाक, पंधरा-वीस वेळा आला तर ठीक, हजारात गेला तर हेच कारण.

उपाय सोपा आहे, नेस्टेडस्क्रोलव्ह्यू काढ, लिस्टला मॅच पेरेंट (बाहेरच्या चौकटीएवढी हाइट) दे, बॅनरचा वेगळा अॅडॅप्टर (ओळींना डेटा पुरवणारा भाग) कर आणि दोन्ही कॉनकॅटअॅडॅप्टरने जोड (रिसायकलरव्ह्यू १.२ पासून आहे).

आता ताटं धुवायचं. तुझ्या बाइंडमध्ये (ओळीत डेटा भरतोस तिथे) 'स्टॉक संपला'ची लाल पट्टी इफमध्ये दाखवलीयस, पण एल्समध्ये लपवलेली नाहीस. म्हणजे आधीच्याची भाजी ताटाला तशीच. मीही हे केलंय, दुकानदाराचा फोन आला की अहो गोडाऊनला साखरेची पोती पडलीत आणि अॅप म्हणतंय संपली 😄 दोन दिवस मी डेटाबेस उकरत बसलो होतो.

फोटोंचं पण बघ. ४००० बाय ३००० चा फोटो, पिक्सेलला ४ बाइट धरले तर मेमरीत ४८ एमबी, फाइल भले ३ एमबीची असो, आणि दाखवायचा किती तर अंगठ्याएवढा. २०० बाय २०० केलास तर १६० केबी. वर तू तो बाइंडमध्येच डीकोड करतोयस (फाइल उलगडून चित्र बनवतोयस), स्क्रीन रंगवणाऱ्या मेन थ्रेडवर, जिथे ६० हर्ट्झच्या स्क्रीनला एका फ्रेमसाठी जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. ग्लाइड किंवा कॉइल (फोटो लोड करायच्या लायब्ररी) वापर, फक्त इमेजव्ह्यूला ठरलेली साइज दे.

नोटिफायडेटासेटचेंज्ड (अख्खी लिस्ट पुन्हा भरायला लावणारा कॉल) सगळीकडे मारू नकोस, लिस्टअॅडॅप्टर आणि डिफयूटिल घे, ते बदललेल्या ओळीच तेवढ्या अपडेट करतात. पेजिंगच्या (डेटा तुकड्यातुकड्याने आणायच्या) मागे एवढ्यात लागू नकोस, नुसत्या मजकुराच्या तीन हजार ओळी म्हणजे काहीच नाही. आणि वेग मोजायचा तो रिलीज बिल्डवर (युजरला जातो तो), डीबगमध्ये चांगली लिस्टही जरा अडखळते. लॉगचा आकडा किती आला ते टाक.