अँब्युलन्सवर नवीन आहात? आधी एवढं सांभाळा

ऑक्सिजनचा हिशेब आधी पक्का करा, बाकीचं हळूहळू जमेल. भरलेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण 1500 लिटर असतो. मिनिटाला 10 लिटर लावलात तर अडीच तासांत खलास. सोलापूर-पुणे सुमारे 250 किलोमीटर, म्हणजे भिगवणच्या आसपासच काटा शून्यावर! 'भरलाय' म्हटल्यावर विश्वास ठेवू नका. व्हॉल्व्ह उघडून काटा स्वतः बघा, दुसरा सिलिंडर बांधून घ्या. रेग्युलेटरला तेल-ग्रीसचा हात अजिबात नको, पेट घेतो.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- सायरन चालू म्हणून लाल सिग्नलला वेग तसाच ठेवणं. धडक झाली तर जाब चालकालाच द्यावा लागतो.
- स्ट्रेचरचा एकच पट्टा लावणं. छाती, कंबर, पाय, तिन्ही आवळा.
- पेशंट 'येत नाही' म्हणाला की तसंच परतणं. वेळ, नाडी, बीपी लिहून सही घ्या. नाकारली तर तसं नोंदवून साक्षीदाराची घ्या.