व्लाड, पोर्फिरिया आणि किसिलोव्यातली कबर

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. व्हॅम्पायर व्लाड ड्रॅक्युलावरून आला का, व्हॅम्पायर म्हणजे खरं तर पोर्फिरियाचे (हा रक्ताशी संबंधित आजार, त्याच्या काही प्रकारांत कातडीला ऊन सोसत नाही) पेशंट होते का, आणि आपला वेताळ म्हणजे तोच का. पहिल्या दोन्हीला माझं उत्तर नाही, वेताळाचं शेवटी सांगतो.

व्लाडचं पटकन उरकतो. पंधराव्या शतकातला, आजच्या रोमानियातल्या वालाकियाचा राजा, माणसं सुळावर द्यायचा म्हणून कुप्रसिद्ध. पण हा मेल्यावर कबरीतून उठून येतो असं त्याच्या मुलखात कोणी म्हणत नव्हतं. ब्रॅम स्टोकरने १८९७ च्या कादंबरीसाठी त्याचं नाव उचललं, स्वतः तो कधी रोमानियाला गेलासुद्धा नव्हता, आणि बाकीचं सगळं नंतर सिनेमावाल्यांनी नि टूरिझमवाल्यांनी चिकटवलं.

खरा मामला सर्बियातला आहे. १७१८ च्या तहात उत्तर सर्बिया तुर्कांकडून ऑस्ट्रियाकडे आला आणि तिथल्या खेड्यांत पहिल्यांदाच व्हिएन्नाचे कारकून आणि लष्करी डॉक्टर पोचले, ज्यांना प्रत्येक गोष्टीचा रिपोर्ट वर पाठवायची सवय होती. खेडुतांच्या समजुती त्याच्या कितीतरी आधीपासूनच्या, पण त्या सरकारी कागदावर आल्या त्या इथे.

१७२५ साली किसिलोवा गावात पेटर ब्लागोयेविच नावाचा शेतकरी मेला. त्याला पुरून दहा आठवडे झाले आणि मग आठ दिवसांत गावात नऊ माणसं गेली, प्रत्येक जण जेमतेम एक दिवस आजारी. मरताना सांगायचे की पेटर झोपेत येऊन अंगावर पडला नि गळा दाबला. (मानेला चावा वगैरे काही नाही बरं का! आपल्याकडे रात्री छातीवर कोणीतरी बसलं म्हणतात ना, तसलाच प्रकार वाटतो मला.) त्याची बायको म्हणाली की तो घरी येऊन स्वतःच्या वहाणा मागत होता, आणि ती गाव सोडूनच गेली.

पेटरची कबर उघडायची म्हणून गावकऱ्यांनी फ्रोम्बाल्ड नावाच्या ऑस्ट्रियन अधिकाऱ्याला गाठलं. तो म्हणाला बेलग्रेडहून परवानगी येऊ दे, तर हे म्हणाले तोवर गाव संपेल, तुर्कांच्या वेळी असंच झालं होतं, तुम्ही येत नसाल तर आम्ही सगळेच गाव सोडतो. बिचारा पाद्र्याला घेऊन गेला. त्याने लिहिलंय की घाण वास नव्हता, नाक जरा गळालेलं सोडलं तर बॉडी ताजी, केस, दाढी आणि नखं वाढलेली, जुनी कातडी सोलून खाली नवी आलेली, तोंडात ताजं रक्त. शिवाय काही 'रानटी खुणा' होत्या, पण त्या आदरापोटी सांगत नाही म्हणे. कुठल्या ते तुम्हीच समजून घ्या. लोकांनी छातीत खुंटा ठोकला, कानातोंडातून भरपूर रक्त आलं, मग जाळून टाकला. आणि रिपोर्टच्या शेवटी साहेबांनी हात झटकले, की यात काही चूक झाली असेल तर ती माझी नाही, भीतीने वेड्या झालेल्या जमावाची. सरकारी भाषा कुठलीही असो, सूर ओळखीचा वाटतो.

आता माझा मुद्दा. एमबीबीएसला असताना फॉरेन्सिकच्या पोस्टिंगमध्ये मी कुजायला लागलेल्या बॉडीज पाहिल्यात, आणि नंतर हा रिपोर्ट वाचला तेव्हा पहिला विचार हाच आला की अरे, यात खोटं काहीच नाही. पोटात गॅस होतो, बॉडी फुगते, सुकलेला माणूससुद्धा खाऊनपिऊन गुटगुटीत दिसायला लागतो. तोच गॅस आतलं लालकाळं पाणी तोंडानाकातून वर ढकलतो, ते हुबेहूब रक्त वाटतं. वरची कातडी हाताची हातमोज्यासारखी, कधी नखांसकट निघून येते आणि खाली गुलाबी दिसतं. केस-नखं वाढत नाहीत, बाजूची कातडी आकसते म्हणून लांब वाटतात. 'रानटी खुणा'? गॅसच. आणि अशा फुगलेल्या छातीत खुंटा मारलात तर हवा घशातून आवाज करत बाहेर पडणारच. सर्बियातल्याच मेडवेजा गावी आर्नोल्ड पाओले नावाचा माणूस व्हॅम्पायर झाला म्हणून त्याला उकरून खुंटा ठोकल्यावर तो कण्हला असं लिहिलंय ते त्यामुळेच असणार. त्याच गावात १७३२ च्या जानेवारीत लष्करी सर्जन फ्ल्युकिंगरने बऱ्याच कबरी उघडल्या, कुजलेले परत पुरले, ताज्या दिसणाऱ्यांची मुंडकी उडवून जाळले नि राख मोरावा नदीत टाकली. थंड चिकट मातीत एक बॉडी महिनोन्महिने टिकते आणि शेजारची विरघळून जाते, हे तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. फ्ल्युकिंगरचा रिपोर्ट छापून युरोपभर फिरला, इंग्रजीत व्हॅम्पायर शब्द रूढ झाला तो त्याच वर्षी. शेवटी १७५५ मध्ये ऑस्ट्रियाची महाराणी मारिया थेरेसाने आपला डॉक्टर व्हान स्वीटेनकडून अहवाल घेतला आणि या कबरी उकरण्यावर बंदी घातली.

पोर्फिरियाची थिअरी १९८५ ची, पेपरवाल्यांनी उचलून धरली. पण उन्हाने मरणारा व्हॅम्पायर १९२२ च्या सिनेमातला आहे, सर्बियातल्या लोकांची तक्रार उन्हाबद्दल नव्हतीच, आणि जिवंत पेशंटबद्दल तर मुळीच नव्हती, ती पुरलेल्या माणसाबद्दल होती. त्या आजाराच्या पेशंटना मात्र उगाच मनस्ताप झाला.

आजार हवाच असेल तर क्षय घ्या. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या एक्झिटर गावी ब्राऊन कुटुंबात आई गेली, मोठी मुलगी गेली, १८९२ च्या जानेवारीत १९ वर्षांची मर्सी गेली, आणि भाऊ एडविन खंगत चालला. घरातलाच कोणी मेलेला बाकीच्यांना शोषतोय म्हणून मार्चमध्ये कबरी उघडल्या. आई-बहिणीची हाडं उरली होती, मर्सी ताजी, कारण तिला ऐन थंडीत जमिनीवरच्या दगडी खोलीत ठेवलं होतं, म्हणजे फ्रीजच की. डॉक्टर सांगत होता की हे नॉर्मल आहे, फुफ्फुसात टीबीच्या खुणाही दिसल्या, तरी काळीज काढून जाळलं आणि राख पाण्यातून एडविनला पाजली. मे महिन्यात तो गेला. जर्मन डॉक्टर कॉखने टीबीचा जंतू शोधून तेव्हा दहा वर्षं झाली होती.

राहिला वेताळ. हा घोळ इंग्रज लेखक रिचर्ड बर्टनचा, त्याने १८७० मध्ये विक्रम-वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत आणताना वेताळाचा सरळ व्हॅम्पायर केला. वेताळ मढ्यात शिरतो हे खरं, पण कोकणात आणि गोव्यात तो गावाचा राखणदार देव आहे. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाला लोक मोठमोठ्या चामड्याच्या वहाणा वाहतात, रात्री गावाभोवती फिरून त्याच्या झिजतात म्हणून. दोघांचा काही संबंध नाही, पण किसिलोव्याचा पेटर वहाणा मागायला आला तर बायको पळून गेली, आणि आमच्याकडे लोक मापाच्या शिवून घेऊन जातात.