शास्त्रज्ञाला काय मिळते? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझी मुलगी जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलो) झाली आहे. तिच्या मैत्रिणी आयटीत स्थिरावल्या. संशोधनावर तिचे भागेल का? (एक आई, सांगली)

उत्तर : भागेल, पण उशिरा, हे तिने आधीच ध्यानात घ्यावे. जानेवारी 2023पासून फेलोशिपची रक्कम पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 आणि पुढे 42,000 रुपये झाली असून वसतिगृहात जागा नसल्यास घरभाडे भत्ता वेगळा मिळतो. मात्र हे पैसे दर महिन्याला वेळेवर जमा होतीलच असे नाही, म्हणून तीन-चार महिन्यांचा खर्च गाठीशी असू द्यावा. पीएचडीची पाच-सहा वर्षे आणि नंतरची पोस्टडॉकची, म्हणजे ठरावीक मुदतीच्या संशोधनपदावरची, दोन-चार वर्षे धरली, तर कायमच्या जागेपर्यंत पस्तिशी गाठते. भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र हा तिचा विषय असेल, तर भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण प्रशालेचाही विचार करावा. तेथे वर्षभराच्या प्रशिक्षणानंतर 56,100 रुपये मूळ वेतनावर वैज्ञानिक अधिकारी होता येते.

प्रश्न : प्रयोग मी केले आणि शोधनिबंधात माझे नाव तिसरे आले. श्रेयच नसेल तर कष्ट कशाला? (संशोधक विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे आणि ‘विज्ञानात असे चालायचेच’ असे सांगून मी ती उडवून लावणार नाही. 1967 साली केंब्रिजमध्ये जोसलिन बेल या विद्यार्थिनीने रेडिओ दुर्बिणीचे दररोज सुमारे 30 मीटर कागदी आलेख डोळ्यांनी तपासताना दर 1.33 सेकंदांनी येणारे स्पंद हेरले आणि पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद पाठवणारा तारा, सापडला. 1974चे नोबेल मात्र तिच्या मार्गदर्शकाला मिळाले. पुढे 2018 मध्ये तिला 30 लाख डॉलरचा पुरस्कार लाभला, तेव्हा ती सारी रक्कम तिने विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी देऊन टाकली. आपण तिच्याइतके उदार व्हावे, अशी माझी मुळीच अपेक्षा नाही. निबंधाचा मसुदा हाती घेण्यापूर्वीच नावांचा क्रम ठरवून घ्यावा आणि प्रयोगवहीत रोजची नोंद तारखेनिशी ठेवावी. वाद झाल्यास तीच वही कामी येते.

प्रश्न : मानसन्मान वाट्याला आलेच नाहीत, तर शास्त्रज्ञ कशाच्या बळावर तग धरतो? (निवृत्त शिक्षक, चिपळूण)

उत्तर : मला येथे कोलकात्याचे शंभुनाथ डे आठवतात. कॉलऱ्याचा जंतू एखादे विष सोडत असावा, अशी शंका रॉबर्ट कॉख यांनी 1884 मध्येच बोलून दाखवली होती, पण ते विष पुढे पाऊणशे वर्षे कोणाच्या हाती लागले नव्हते. डे यांनी सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी बांधला आणि जंतू पूर्णपणे गाळून काढलेला द्रव त्यात टोचला. आतडे पाण्याने फुगले. जंतू नव्हते, म्हणजे पाणी ओढणारे ते विषच होते. 1959 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषामुळे शरीरातले पाणी आणि क्षार वाहून जातात, आतड्याच्या भिंती मात्र शाबूत राहतात, हे उलगडत गेले तसे मीठ-साखरेचे पाणी पाजून रोगी का वाचतो तेही कळले. डे 1985 मध्ये वारले. हयातीत देशाने त्यांना मोठा सन्मान दिला नाही. पण ते फुगलेले आतडे पाहणाऱ्याला जे उमगले होते, ते त्या घटकेला जगात दुसऱ्या कोणालाही ठाऊक नव्हते.

माझा अनुभव फारच लहान आहे. एका दूरच्या दीर्घिकेतील हायड्रोजनचा संकेत मी रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींत शोधत होतो आणि तीन महिने केवळ मानवनिर्मित लहरींचा गोंगाट वजा करण्यात गेले होते. एका पहाटे आलेखावर बारीकसा उंचवटा उरला. दोनदा पडताळूनही तो हटेना, तेव्हा मी वसतिगृहात झोपलेल्या सहकाऱ्याला उठवून आणले आणि चहा गार होईपर्यंत आम्ही दोघे त्या उंचवट्याकडे नुसते बघत बसलो. त्या निबंधाचा उल्लेख आजवर जेमतेम अकरा जणांनी केला आहे.