मानसोपचाराची टीम घरी येते तेव्हा

अमेरिकेत मुलाला सायकियाट्रिक हॉस्पिटलमधून घरी सोडताना बऱ्याचदा ‘इंटेन्सिव्ह इन-होम’ सेवा, म्हणजे टीमने घरी येऊन द्यायची थेरपी, सुचवली जाते. थेरपीच्या आठवड्याच्या एका तासाने भागत नाही, पण घराबाहेर ठेवायचीही गरज नाही, अशा मुलांसाठी ती असते. येल चाइल्ड स्टडी सेंटरने कनेटिकटमध्ये उभ्या केलेल्या ‘आयकॅप्स’ या अशाच सेवेत दोघांची टीम आठवड्याला साधारण ४ ते ६ तास देते, तेही सुमारे ६ महिने. इतर राज्यांत नावं आणि तास वेगळे असतात.

इथल्या आपल्या मराठी घरांत हमखास होतं ते असं: टीम आली की मुलाला तिच्यासोबत वर खोलीत पाठवायचं, आई स्वयंपाकघरात, बाबा मीटिंगवर. ही थेरपी एकट्या मुलाची नाही. गोळी घ्यायला मुलगा नकार देतो तेव्हा कोण काय बोलतं, आवाज कुठे चढतो, धाकटी कुठे जाऊन बसते, हे टीमने बघायचं असतं. म्हणून भेटीची वेळ मागताना घरातली सर्वांत अवघड वेळ मागा: रात्रीची झोपायची किंवा शाळेतून आल्यानंतरची. आवराआवर करू नका. दारावर बुक्की मारून पडलेलं भोक तसंच दिसू द्या. भेटी वारंवार चुकल्या तर केस बंद होऊ शकते, त्यामुळे आई-बाबांपैकी कोण कधी घरी थांबणार हे ऑफिसशी आधीच ठरवा.

पहिल्याच आठवड्यात औषधं कुलपात गेली पाहिजेत. मुलाच्या गोळ्या कुलपात ठेवून लोक थांबतात. आजी-आजोबांची बॅग राहूनच जाते. भारतातून आणलेला ६ महिन्यांचा बीपी आणि मधुमेहाच्या गोळ्यांचा साठा टेबलावर असतो, आणि त्यातल्या थोड्या गोळ्याही मुलाच्या जिवावर बेतू शकतात. टायलेनॉल (म्हणजे पॅरासिटामॉल) तर सगळ्यांच्याच ड्रॉवरमध्ये सापडतं. जास्त प्रमाणात घेतलं तर त्याने यकृत निकामी होऊ शकतं, आणि पहिल्या दिवशी मूल ठणठणीतही वाटू शकतं. अशा वेळी लक्षणांची वाट न बघता १-८००-२२२-१२२२ वर पॉयझन कंट्रोलला फोन करा. मूल बेशुद्ध असेल किंवा श्वासाला त्रास होत असेल तर थेट ९११ या आणीबाणीच्या नंबरवर.

टीमसोबत क्रायसिस प्लॅन कागदावर लिहून घ्या. चिडण्याआधीची खूण कोणती, तेव्हा कोणी बोलायचं आणि कोणी गप्प बसायचं, भावंडाला शेजारी कोणाकडे न्यायचं, टीमचा रात्रीचा नंबर कोणता. खाली ९८८ (आत्महत्येचे विचार आणि मानसिक संकटासाठीची हेल्पलाइन) लिहा. ९११ लावायची वेळ आलीच, तर पहिल्या वाक्यातच मूल मानसिक आजाराने ग्रस्त आहे हे सांगा आणि मानसिक आजाराच्या प्रसंगांचं प्रशिक्षण घेतलेला अधिकारी मागा. घरात शस्त्र आहे की नाही, तेही सांगा.

आजीला इंग्रजी कळत नसेल तर दुभाषा मागा. मेडिकेड (मुख्यतः कमी उत्पन्न असलेल्यांचा सरकारी आरोग्यविमा) किंवा तसे सरकारी पैसे घेणाऱ्या संस्थेने तो विनामूल्य द्यायचा असतो. मोठ्या ताईला मध्ये बसवून भाषांतर करायला लावू नका. भावाच्या आत्महत्येच्या विचारांबद्दल आजीला सांगणं हे लेकराचं काम नाही. आणखी एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: मुलाला मारहाण होत असल्याचा संशय आला तर ते कळवणं टीमला कायद्याने बंधनकारक आहे. मुलाला चापट मारली जात असेल तर ते लपवण्यापेक्षा ते कसं थांबवायचं यासाठी टीमची मदत घ्या. ती त्याचसाठी येते.

पैशांचं: २१ वर्षांखालील मेडिकेडधारक मुलांना वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार मेडिकेडने द्यावे लागतात. काही राज्यांत गंभीर आजारी मुलासाठी आई-वडिलांचं उत्पन्न न धरता मेडिकेड मिळतं. ‘केटी बेकेट’ या नावाने चौकशी करा. व्हिसावर असाल तर अर्जाआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला. नोकरीच्या इन्शुरन्सने नाकारलं तर लेखी कारण मागा आणि डॉक्टरांच्या पत्रासह अपील करा. प्रकरण तातडीचं असेल तर जलद अपील मागता येतं, त्याचा निर्णय ७२ तासांत द्यावा लागतो.

भारतवारीचं तिकीट काढण्याआधी टीमला विचारा. आणि केस बंद व्हायच्या आधी पुढच्या थेरपिस्टची आणि औषधं लिहून देणाऱ्या डॉक्टरची तारीख हातात हवी, कारण सायकियाट्रिस्टची वेळ मिळायला कित्येकदा महिने लागतात आणि गोळ्या त्याआधीच संपतात.